आधी पाणंद मोकळी करा

इंग्लंडच्या खेड्यांचं कौतुक मला आता ऐकवत नाही. दर जानेवारीत ते नव्यानं सुरू होतं. नाताळच्या सुट्टीत मुलाकडे, मुलीकडे किंवा एखाद्या सहल कंपनीबरोबर जाऊन आलेली मंडळी परततात आणि परभणीच्या दिवाणखान्यांतून मोबाइल हातोहात फिरू लागतात. धुक्यातलं चर्च, रचलेल्या दगडांची कुंपणं, मेंढ्या, धुराड्यातून निघणारा धूर, आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून हिरव्या रानात उभे असलेले आपले डॉक्टरसाहेब, आपले प्राध्यापक, आपले ठेकेदार. काय ती शिस्त, काय तो निसर्ग! मग लगेच पुढचं वाक्य येतं: आपल्या खेड्यात आहे काय बघायला?

मी परभणी तालुक्यातल्या पेडगावचा. म्हणीत लोक वेड घेऊन जातात ते पेडगाव नगर जिल्ह्यात, भीमेच्या काठी. आमचं पेडगाव परभणीहून मानवतकडे निघालं की लागतं. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर त्याचं लहानसं स्टेशन आहे. जमीन काळी, गाव शेतीवर जगणारं. आयुष्यभर शिक्षकी केली आणि शेतीही सोडली नाही. मुलगी मँचेस्टरला असते, त्यामुळे ऐन हिवाळ्यात त्या देशात राहून आलो आहे. न पाहता बोलतो असं कुणी म्हणू नये. पाहिलं, पायी फिरलो, आणि फोटो दाखवणाऱ्यांना जे दिसलं नाही ते तिथं मला पहिल्याच फेरीत दिसलं. साहेब, तुम्ही जिथं उभं राहून फोटो काढलात ते दुसऱ्याचं शेत होतं. त्या शेतात पाय ठेवण्याचा तुम्हाला हक्क होता. तो हक्क मिळवायला माणसं तुरुंगात गेली होती. आणि तोच हक्क तुम्ही, किंवा तुमची जमीन बटईनं करणाऱ्यानं तुमच्या डोळ्यांदेखत, इथं गावच्या शिवारात नांगरून टाकला आहे.

थंडीतली इंग्लंडमधली सुट्टी म्हणजे काय असते, ते फोटोत येत नाही म्हणून सांगतो. डिसेंबरात तिथं आठ वाजले तरी नीट उजाडलेलं नसतं आणि चारच्या आत दिवस मावळतो. आभाळ राखेच्या रंगाचं. पाऊस मोठा नसतो, पण उघडीपही देत नाही. झाडं बोडकी, वाटांवर चिखल. गहू वीतभरसुद्धा वर आलेला नसतो. बघण्यासारखं म्हणाल तर त्या दिवसांत त्या रानात फारसं काही नसतं. तरी घराघरांतून माणसं बाहेर पडतात. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, सहकुटुंब चालायला निघण्याची तिथं रीतच आहे. म्हातारी माणसं, नातवंडं, कुत्री, सगळा गोतावळा निघतो, आणि लोकांच्या शेतांतून चालतो.

मँचेस्टरच्या दक्षिणेला चेशायरचा सपाट मुलूख लागतो. तिथल्या एका शेताच्या तोंडाशी मी बराच वेळ नुसता उभा राहिलो होतो. रस्त्याकडेला लाकडी खांब, त्यावर ‘पब्लिक फुटपाथ’ अशी पाटी. कुंपणात एक लहान फाटक, माणूस वळून आत जाईल पण जनावर जाणार नाही अशा बेतानं बसवलेलं. फाटकाच्या खांबावर पिवळा बाण. बाणाच्या रोखानं पाहिलं तर हिरव्या गव्हाच्या मधोमध, या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरकी तपकिरी पट्टी गेलेली. मीटरभर रुंद. पेरणीच्या वेळी त्या पट्टीवरही नांगर फिरला होता हे कडेच्या ढेकळांवरून कळत होतं. नंतर ती पुन्हा दाबून सपाट करून दिलेली होती. तिथला कायदाच तसा आहे. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली तर पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. कडेनं जाणारी पायवाट असेल तर तिला नांगर लावायचाच नाही, दीड मीटर जागा सोडायची. १९८० चा हायवेज ॲक्ट आणि त्यात १९९० साली झालेली दुरुस्ती, यांत हे सगळं लिहिलेलं आहे. शेताचा मालक पलीकडच्या बाजूला ट्रॅक्टरवर होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, हात वर केला आणि आपल्या कामाला लागला. तुम्ही कोण, कुठले, माझ्या वावरात कशाला शिरलात, हे विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

असल्या वाटा इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत आणि अधिकृत नकाशावर आखलेल्या आहेत. मालक बदलो, जमीन विकली जावो, वारसांत भांडणं होवोत, नकाशावरची वाट हलत नाही. त्या खेड्यांत तुमच्या मनाला जो मोकळेपणा वाटला तो हाच. धुकं आपल्याकडेही पडतं, मेंढरं आपल्याकडेही आहेत आणि डिसेंबरातलं ऊन तर त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. त्या रानात तुम्हाला कुणी हटकलं नाही, म्हणून ते रान तुम्हाला आवडलं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे वाट नाही असं मी म्हणणार नाही. वाट आहे. गावनकाशा काढून बघा. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग. महसूल खात्याच्या लेखी गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट. इंग्रज माणूस सव्वातीन फुटांची वाट शंभर कायद्यांनी जपतो, सुट्टी काढून तिच्यावर चालायला येतो, आणि आम्ही कागदावर सव्वाआठ फूट असलेली वाट गिळून वर ढेकर देतो. गाडीमार्गाची जमीन पोटखराबात दाखवलेली असते, पिकाखालच्या क्षेत्रात ती मोजलेलीच नसते. शिवरस्ता तर दोन गावांच्या हद्दीवरचा, तो कुणाच्याच बापाचा नाही. तरी विचारायला जा, उत्तर ठरलेलं: ‘आमच्या वावरातून कुठली वाट? आमच्या आज्यापासून इथं पीक आहे.’

पाणंद कोण खातं हे प्रत्येक गावाला ठाऊक असतं. ज्याचं एकच वावर आहे आणि तेही पार टोकाला आहे, तो पाणंद खाऊ शकत नाही. त्याला तिच्यावाचून जगताच येत नाही. पाणंद खातो तो ज्याची जमीन रस्त्याला लागून आहे तो, बहुतेक वेळा ज्याला दोन पैसे बरे मिळतात तो, आणि ज्याचं कुणी वाकडं करू शकत नाही तो. पद्धतही जुनी आहे. धुरा कोरायचा, दर वर्षी एक तास आत सरकायचं. बैलाच्या नांगराला या कामी अख्खी पिढी लागायची. ट्रॅक्टरनं ते दोन हंगामांवर आणलं. एक वर्षी पाणंदीच्या कडेची बाभळ जाते, पुढच्या वर्षी तिच्या जागी तुरीची ओळ येते, आणि तिसऱ्या वर्षी कुणी गाडी घेऊन आलं तर तुरीतून चाक गेलं म्हणून भांडण उभं राहतं. ज्यानं रस्ता चोरला तोच नुकसानभरपाई मागतो.

आमच्या शिवारातली एक पाणंद मला लहानपणापासून माहीत आहे. गावातून निघताना ती आजही रुंद आहे. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर आरामात निघून जातील. दोन्ही बाजूंना हिवर, बोरी, एखादा लिंब. पुढं एका वळणावर बोराटीच्या काट्यांचा ढीग टाकलेला आहे. त्याच्या पलीकडे हरभरा. रस्ता गेला कुठे हे ज्यानं पूर्वी पाहिलं नाही त्याला कळणारही नाही. तिथून पुढच्या वावरांत जायचं तर धुऱ्यानं जायचं, आणि धुरा उरलाय हातभर. या दिवसांत कापसाच्या शेवटच्या वेचण्या चालू असतात. बाया डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन त्या हातभर धुऱ्यावरून एकामागं एक चालतात. एक पाय घसरला की दोन्ही बाजूंना दुसऱ्याचं पीक. मजुरीला जाणाऱ्या एका बाईनं मला तोंडावर विचारलं, “गुरुजी, धुऱ्यानं गेलं तरी बोलणी, वावरातून गेलं तरी बोलणी. मंग आम्ही उडत जावं का?” माझ्याजवळ तिला द्यायला उत्तर नव्हतं, आणि ज्यांच्याजवळ असायला हवं होतं ते त्या आठवड्यात इंग्लंडात मेंढ्यांचे फोटो काढत होते.

यात नुसत्या पायपिटीचा प्रश्न नाही. वाट नाही म्हणजे मळणी यंत्र आत जात नाही. सोयाबीन काढून ढीग लावलेला असतो, आभाळ भरून येतं आणि माणूस यंत्रवाल्याच्या हातापाया पडतो, तो म्हणतो रस्ता दाखवा. ऊस लावायचा विचार सोडून द्यावा लागतो, कारण ट्रक फडापर्यंत येणार कसा? शेतातल्या आखाड्यावर राहणारं कुणी आजारी पडलं तर १०८ ची गाडी डांबरी सडकेवर थांबते आणि रुग्णाला बाजेवर घालून तिथवर आणावं लागतं. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत गुडघाभर रुततं, तेव्हा तर बाजही नीट जात नाही. आणि जमीन विकायची पाळी आली, तर वाट नसलेल्या वावराला निम्मीसुद्धा किंमत येत नाही. मग ते विकत घ्यायला पुढं कोण येतो? ज्यानं वाट अडवली तोच. वाट अडवणं हा अनेक ठिकाणी जमीन बळकावण्याचा पहिला डाव असतो, हे मी स्पष्ट लिहितो, कारण गावात ते सगळे दबक्या आवाजात बोलतात.

कायदा नाही म्हणून हे चाललंय असंही नाही. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. त्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदार रस्त्यातला अडथळा काढायला लावू शकतो. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाचं १४३ वं कलम आहे. त्याखाली बांधावरून नवा रस्ता मागता येतो. पण १९०६ च्या कायद्याची अट अशी की अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. आपल्याकडे माणूस पहिले सहा महिने काय करतो? भावकीत बसतो. चार शहाण्यांना मध्ये घालतो. पुढचा म्हणतो, एवढं पीक निघू द्या. पीक निघतं, सहा महिनेही निघून जातात. त्यातूनही कुणी चिवटपणे गेलाच तर अर्ज, नोटीस, तारीख, स्थळपाहणी, पंचनामा, पुन्हा तारीख. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात जा, हेच ऐकू येईल. निकाल लागला की वरच्या अधिकाऱ्याकडे दाद. तिथूनही निभावलं तर पोलीस बंदोबस्तात जेसीबी येतो, रस्ता मोकळा होतो, फोटो निघतात. मृगाच्या पेरणीला त्याच जागेवर पुन्हा तिफण चालते. आणि गावनकाशा ज्याच्या कपाटात आहे, ज्याला रेघ न् रेघ पाठ आहे, तो सगळं पाहून वेड पांघरून बसतो.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या पैशातून रस्ते करायची. मे २०२५ मध्ये निर्णय निघाला की शेतरस्ता निदान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत घ्यावी. ही नोंदीची गोष्ट फार मोलाची आहे. रस्ता नकाशावर असून भागत नाही, ज्याच्या जमिनीतून तो जातो त्याच्या उताऱ्यावर तो दिसला पाहिजे, म्हणजे घेणाऱ्याला, विकणाऱ्याला, कर्ज देणाऱ्या बँकेला तो नाकारता येणार नाही. पण योजना म्हटली की आपल्याला मुरूम आठवतो, खडी आठवते, बिल आठवतं. जिथं दोन्ही बाजूचे शेतकरी राजी आहेत तिथं मातीकाम होतं. जिथं खरी अडवणूक आहे तिथं योजनेचं पाऊल पडत नाही, कारण तिथं मतं आहेत, भावकी आहे, सोयरीक आहे. मुरूम टाकायच्या आधी चोरलेली जमीन परत घ्यावी लागते, आणि ते काम कुठल्याच ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

मग इंग्लंडमध्ये हे जमलं कसं? ती माणसं जन्मतःच सज्जन असतात अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी तिथला इतिहास वाचावा. गावाची सामाईक कुरणं तिथल्या जमीनदारांनी पार्लमेंटचे कायदे करून कुंपणात घातली, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, आणि गरीब माणूस रानातून उखडून गिरण्यांच्या शहरांत फेकला गेला. मँचेस्टर हे त्यातलंच एक शहर. आठवडाभर गिरणीतला कापूस छातीत ओढायचा आणि रविवारी चार घोट स्वच्छ हवा घ्यायला शेजारच्या डोंगरांत जायचं, तर डोंगर बंद. किंडर स्काउट नावाचं उजाड माळरान आहे, सहाशे मीटरहून उंच. ते ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मालकीचं, ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. वर्षातून मोजके दिवस बंदूक घेऊन येणाऱ्यांसाठी ते बाकी सगळ्यांना बारमाही बंद.

२४ एप्रिल १९३२ ला हेफिल्ड गावाजवळच्या दगडाच्या खाणीत काही शे तरुण कामगार जमले. पुढारी होता बेनी रॉथमन, वय वीस, रुमानियाहून आलेल्या ज्यू कुटुंबातला पोरगा. भाषण झालं आणि सगळे उघडपणे, गाणी म्हणत, बंदी असलेल्या डोंगरावर चढले. वर जमीनदाराचे राखणदार काठ्या घेऊन उभे होते. झटापट झाली. खाली उतरल्यावर पोलिसांनी पकडलं, पाच जणांना कैद झाली. रॉथमनला चार महिने. डोंगरावर चालल्याबद्दल माणसं तुरुंगात गेली म्हणून देशभर संताप उसळला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि रानवाटांच्या नोंदणीचा कायदा आला. १९५१ मध्ये पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये. १९६५ मध्ये शेजारच्या ईडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपर्यंत जाणारी पेनाइन वे ही लांबच लांब पायवाट उघडली. माळ-डोंगरांवर मोकळं फिरण्याचा हक्क देणारा कायदा यायला मात्र २००० साल उजाडलं. आणि २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, त्या वेळच्या ड्यूकनं त्याच जागी येऊन आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. खाणीत आज एक पाटी आहे. मी ती हात लावून पाहिली आहे. पावसानं ओली होती. आमच्या गावच्या एकाही बंद वाटेसाठी आजवर कुणी जाहीर माफी मागितलेली मला माहीत नाही.

भांडण तिथंही संपलेलं नाही. मोकळं फिरण्याचा हक्क आजही इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के जमिनीवर आहे. डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकून रात्र काढता येते की नाही यावरून एक जमीनमालक कोर्टात गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालणाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. पण फरक बघा. तिथं वाट अडली की १९३५ सालापासून चालत आलेली रॅम्बलर्ससारखी चालणाऱ्यांची संघटना उभी राहते. ज्यांचं त्या वाटेवर वावर नाही, घर नाही, असे लोक वर्गणी भरून तिच्यासाठी लढतात. आपल्याकडे वाट अडली की ते दोन शेजाऱ्यांचं भांडण ठरतं. एक अर्जदार, एक सामनेवाला. अर्ज करणाऱ्यानं एकट्यानं खेटे घालायचे, एकट्यानं वकील लावायचा, एकट्यानं वैर पत्करायचं, आणि रात्री पाण्याची पाळी धरायला त्याच शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून जायचं. उरलेलं गाव पारावर बसून कोण जिंकतो ते बघतं. वाट गावाची आणि भांडण एकट्याचं, ही आपली खरी बेइज्जती आहे.

म्हणूनच मला शिकलेल्या, सवरलेल्या, विमानात बसणाऱ्या माणसांचा जास्त राग येतो. टोकाचं वावर असलेला माणूस एकटा पडतो कारण त्याच्या बाजूनं उभं राहायला ज्यांच्याकडे वेळ, पैसा, वकिलाची ओळख आणि कलेक्टर कचेरीत खुर्ची मिळण्याइतका मान आहे, ते गावात नसतात. जमीन बटईनं दिलेली. सातबारा ऑनलाइन बघतात. धुरा कुठवर सरकला हे त्यांना माहीत असतं आणि सरकला तो आपल्या बाजूला असेल तर ते गप्प असतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ साली, किंडरच्या त्याच वर्षी, न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं सुरू झालं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं मराठी माणूस त्या देशात नांदतो आहे. तिथून त्यानं वकिली आणली, डॉक्टरी आणली, क्रिकेट आणि चहाची वेळ आणली. दुसऱ्याच्या शेतातून जाणाऱ्या माणसाला तिथला शेतकरी हात वर करून वाट देतो, हे शंभर वर्षांत कुणाला घेऊन यावंसं वाटलं नाही. आणि हे आणायला तिथं जायचीही गरज नव्हती. ते आपल्याच गावनकाशावर तुटक रेघांनी काढून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे हिवाळ्यात बघायला काय आहे म्हणता? परभणीची थंडी मराठवाड्यात सगळ्यात कडक. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा तीन अंशांच्या आसपास आला होता. पहाटे तुरीच्या ओळींवर धुकं बसलेलं असतं आणि नऊ वाजता असं लख्ख ऊन पडतं की त्या ओल्या देशातला माणूस त्या उन्हासाठी पैसे मोजेल. ज्वारी हुरड्यात आलेली असते, गूळभेंडी, सुरती. आगटीत भाजलेलं कणीस हातावर चोळून गरम हुरडा तोंडात टाकायचा, वर लसणाची नाही तर जवसाची चटणी. हरभऱ्याचा हुळा, बोरं, नव्या गुळाचा खडा. लातूर-धाराशिवकडे येळवसेला सगळं गाव रानात जेवायला जातं. आपल्या पूर्वजांची थंडीतली सुट्टी रानातच होती, आणि ती एका माणसाच्या रानात मावत नव्हती. ती याच्या वावरातून त्याच्या वावरात जायची.

आज तिचं काय झालं? हुरडा पार्टी. २०२० मध्ये राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याला माझा विरोध नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात ते मिळावेत. पण अशा केंद्रांत जाऊन बघा. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, तिकीट. आत बैलगाडीची सफर असते, आणि ती बैलगाडी कंपाउंडच्या आत गोल गोल फिरते, कारण बाहेर तिला जायला वाट नाही. पोरं खूश होऊन टाळ्या पिटतात. ज्या गाडीनं शिवारभर हिंडायचं तिला आम्ही घाण्याला जुंपलं.

वारीला अठराअठरा दिवस पायी जाणारे लोक आम्ही. शेगावची पालखी आमच्या जिल्ह्यातून गंगाखेडमार्गे पंढरीला जाते, आणि सगळी दिंडी ट्रक-टेम्पोंच्या बरोबरीनं डांबरावरून चालते. चालण्याची हौस आमच्यात कमी नाही. चालायला जमीन ठेवली नाही, इतकंच.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी नावं न घेता पण सगळ्यांना उद्देशून मांडतो. ज्यांना हिवाळ्यात रानावनातून चालायची ओढ आहे त्यांनी यंदाची सुट्टी पेडगावला काढावी, नाही तर आपापल्या गावी. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्यावी. चारपाच जणांनी मिळून नकाशा हातात धरून तुटक रेघांवरून चालावं. जिथं वाट सापडेल तिथं पुढं जावं, जिथं हरभरा लागेल तिथं थांबून गट नंबर लिहून घ्यावा. मजूर बाया, दूधवाले, टोकाच्या वावरांचे मालक, शाळेला जाणारी पोरं, यांना बरोबर घ्यावं. अर्जावर एकाची सही न घेता सगळ्यांच्या घ्याव्यात. सहा महिन्यांची मुदत उलटली असेल तर १४३ खाली जावं, आणि प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यावर रस्त्याची नोंद होईपर्यंत उठू नये. प्रत्येक वाटेच्या दोन्ही तोंडांना हद्दीचा दगड बसवावा. परदेशी राहणाऱ्यांनी मोजणीची फी भरावी.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत पेडगावच्या शिवारातल्या सगळ्या पाणंदी, शिवरस्ते आणि पायवाटा यांची यादी मोठ्यानं वाचून ठरावात घ्यावी असा विषय मी लेखी दिला आहे. ज्यांच्या वावरात वाट गेली आहे त्यांनी टाकलेले काटे त्याआधी स्वतःच्या हातानं उचलावेत. जो उचलेल त्याच्या मागल्या गोष्टी मी काढणार नाही. जो उचलणार नाही त्याचं नाव त्याच्या गट नंबरासकट ठरावात लिहायला लावीन, मग तो माझा भाऊबंद असो, विद्यार्थी असो, की काल इंग्लंडहून उतरलेला असो.